नळीला चहा

बुर्गासच्या खोऱ्यात पागमाशी भांडून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. याकनं पान्हा चोरला की ती याकशी भांडते, वारा फिरला की वाऱ्याशी, आणि कुणीच हाताशी नसलं तर चुलीतल्या ओल्या लाकडाशी. पण तिच्या गेरमधून, लोकरीच्या गोल तंबूतून, उपाशी उठून गेलेला माणूसही खोऱ्यात शोधून सापडणार नाही. शिव्या देत देत ती पाहुण्याच्या वाडग्यात मटणाचा चांगला तुकडा वाढते, आणि त्यानं नको म्हटलं की आणखी शिव्या देते. तिच्या हातचा चहा प्यायला लोक वाट वाकडी करून येतात. ती मीठ जरा हात सैल सोडून घालते. आमच्या थंडीत तेच बरं.

तिचा नवरा दामदिन म्हणजे दुसरं टोक. 'नाही' हा शब्द त्या माणसाला देवानं दिलाच नव्हता. कुणी घोडा मागितला, दिला. कुणी मेंढ्या चार दिवस सांभाळ म्हटलं, महिनाभर सांभाळल्या. त्याच्या वाट्याचं 'नाही' पागमालाच म्हणावं लागे, आणि मग वाईटपणाही तिच्याच पदरात पडे. "हा देवमाणूस, आणि मी त्याच्या दारातली कुत्री," असं ती चारचौघांत म्हणायची, आणि दामदिन खाली बघून हसायचा.

अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात राजधानीहून अविरमेद नावाचे प्राध्यापक आले. बरोबर दोन गाड्या, लोखंडी सामान आणि पाचसहा विद्यार्थी. दामदिननं त्यांना मानाच्या जागी बसवलं, दोघांनी तपकिरीच्या कुप्या एकमेकांच्या हातात दिल्या, हवापाण्याचं बोलणं झालं. मग प्राध्यापकांनी मुद्द्याला हात घातला. दामदिनच्या हिवाळी तळाजवळची जमीन खाली कायमची गोठलेली आहे. तिथं एक अरुंद, खोल भोक पाडायचं, त्यात लोखंडी नळी बसवायची, नळीत एक तार सोडायची, आणि जमीन किती खोलीवर किती थंड आहे ते तारेनं मोजत राहायचं.

पागमा तेव्हा बाहेर दूध काढत होती. बादली घेऊन आत आली तोवर दामदिन "बघा की, काय हरकत आहे" म्हणून बसला होता.

"जमीन गोठलेली आहे हे मी बसल्याजागी सांगते," ती प्राध्यापकांना म्हणाली. "त्याला भोक कशाला पाडायला हवं?"

"किती गोठलेली आहे ते बघायचंय, बाई."

"पुरेशी."

प्राध्यापक हसले, दामदिनही हसला. पागमाला हसू आलं नाही. आमच्याकडे गेरचा खुंटा ठोकतानाही जमिनीची मनातल्या मनात माफी मागतात. तळ हलवायचा झाला की खुंट्यांची भोकं पायानं बुजवायची, चुलीची राख पसरायची, इथे कुणी राहत होतं हे कळूसुद्धा नये अशी जागा करून निघायचं. उघडा खड्डा मागे ठेवून जाणाऱ्याच्या घराला सुख लागत नाही, हे पागमा आईच्या दुधाबरोबर शिकली होती. आणि इथं तर तीन गेर एकावर एक उभे केले तरी तळ लागणार नाही इतकं खोल भोक.

"दहा वर्षं मोजू," प्राध्यापकांनी शब्द दिला. "मग वाळूनं गच्च बुजवू, वर गवताचा थर लावून देऊ. तुम्हाला जागा ओळखू येणार नाही."

भोक पाडलं. गेरपासून हाकेच्या अंतरावर गुडघाभर उंचीची एक लोखंडी नळी उभी राहिली, तिच्यावर टोपण, टोपणाला कुलूप. प्राध्यापक गेले.

मग जे व्हायचं ते व्हायला लागलं. दुसऱ्या उन्हाळ्यात तळाजवळचा झरा बारीक झाला, आणि पुढच्या उन्हाळ्यात आटलाच. कुरणात जमीन जागोजागी खचली, पाण्याची डबकी साचली, मेंढ्यांचे पाय सडायला लागले. मेंढ्यांचा लाकडी गोठा एका अंगाला कलला. आणि तिसऱ्या हिवाळ्यात दामदिननं अंथरूण धरलं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. जिल्ह्याच्या गावातल्या, मुरूनच्या डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, म्हणजे काय ते सगळे समजले.

पागमानं त्याचं सगळं केलं. पण रागाची जीभ ती आवरू शकली नाही. एका संध्याकाळी त्याला सूप भरवता भरवता तिच्या तोंडून निघून गेलं, "हे तू ओढवून घेतलंस. झऱ्याचं, कुरणाचं, स्वतःचं. तूच हो म्हणालास."

दामदिननं नेहमीसारखी मान डोलावली. "असेल," म्हणाला.

बर्फ वितळायच्या आत तो गेला.

त्याच हिवाळ्यापासून पागमा नळीला चहा घालायला लागली. सकाळी घरची बाई आधी उठते, चूल पेटवते, चहा करते, आणि त्याची पहिली धार बाहेर जाऊन आभाळाला आणि चारी दिशांना शिंपडते. हे सगळ्याच करतात. पागमा शिंपडून झालं की पळीभर चहा घेऊन नळीपाशी जायची, आणि नळीच्या बुडाशी, लोखंडाला लागून, सावकाश ओतायची. "रागावू नकोस," असं जमिनीला म्हणायची. "त्याला कळत नव्हतं." दामदिनसाठी ती जमिनीची माफी मागत होती, आणि मनात दामदिनवरचा राग तसाच ठेवून मागत होती. दोन्ही एकाच वेळी करता येतं. बायकांना विचारा.

प्राध्यापक अविरमेद पुढे निवृत्त झाले आणि नळी त्यांच्या विद्यार्थिनीकडे आली. ही सोलोंगो. पहिल्यांदा आली तेव्हा घोड्यावर बसताना उलट्या बाजूला पडली होती. आता तिशी ओलांडली होती. ती दर वर्षी उन्हाळा सरताना यायची. तेव्हा पागमा खाली नदीकाठच्या उन्हाळी तळावर असायची. सोलोंगो तिच्याकडे दोन दिवस राहायची, वाडगाभर साय खायची, मग एकटीच वर जाऊन नळीचं कुलूप उघडायची, वर्षभराची मोजमापं काढून घ्यायची आणि परत यायची. पागमा तिला 'पोरी' म्हणायची. पोटची मुलगी नव्हती, आणि ही दर वर्षी न चुकता येत होती.

"कधी बुजवणार?" हा प्रश्नही न चुकता व्हायचा.

"पुढच्या वर्षी बघू, आई."

"तुझ्या त्या मास्तरनं दहा वर्षं म्हटलं होतं."

"आई, अहो, अख्ख्या देशात अशी नळी नाही. इथली वरची जमीन जितक्या झपाट्यानं तापतेय ना, तितकी कुठलीच नाही. मी जपानमध्ये जाऊन हिच्याबद्दल बोलले. लोक हिला नावानं ओळखतात."

"त्यांना म्हणावं, घेऊन जा मग तिकडे."

सोलोंगो हसायची, आणि सायीवर हात मारायची. बुजवायचं तिच्या मनात नव्हतं. जितकी जुनी नळी तितकं तिचं मोल जास्त, आणि सोलोंगोचं सगळं काम त्या एका नळीवर उभं होतं. पागमालाही ते दिसत होतं. म्हणून ती दर वर्षी फक्त विचारायची, कुदळ उचलायची नाही.

या वर्षी मात्र गोष्ट निकडीची झाली. पागमाच्या गुडघ्यांनी साथ सोडली. मुलगा झोरिग मुरूनला गाड्या दुरुस्त करतो. तो शरद ऋतूत येऊन बसला आणि हललाच नाही. "जनावरं पुतण्याला दे, आणि त्सागान सारच्या आधी माझ्याकडे ये. नवं वर्ष आपण एकत्र करू. माझी बायको तुझ्या शिव्या ऐकायला तयार आहे." पागमा तीन दिवस भांडली आणि चौथ्या दिवशी हो म्हणाली. पण हो म्हटल्यापासून तिची झोप उडाली. हिवाळी तळ कायमचा सोडायचा, आणि मागे ते भोक उघडं? खुंट्याचं बोटभर भोक बुजवून जाणारी बाई, ती असा खड्डा टाकून जाणार? आणि आता त्याला सकाळचा चहा तरी कोण घालणार? दामदिनच्या पदरात पडलेला दोष तसाच मागे उरणार होता, आणि तो निस्तरायला तळावर कुणी नसणार.

तिनं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाकडे निरोप धाडला: सोलोंगोला सांगा, येऊन बुजव, नाहीतर मी माझ्या हातानं शेण आणि माती कोंबते.

सोलोंगो आली ती ऐन थंडीत. बर्फानं वाट मोडली होती तरी चोइदोग नावाच्या ड्रायव्हरनं आपली जुनी रशियन गाडी कशीबशी वर आणली. "कुत्रं धरा!" पाहुण्याच्या रीतीची हाक त्यानं गाडीतूनच दिली. पागमा बाहेर आली.

"हिवाळा नीट चाललाय ना?" सोलोंगोनं उतरता उतरता रीतीनं विचारलं.

"छान चाललाय. तुमचा प्रवास?"

"छान झाला."

प्रवासात गाडी दोनदा अडकली होती आणि पागमाचा एक याक लांडग्यांनी खाल्ला होता. पण ते सगळं चहानंतर बोलायचं असतं.

चहा झाल्यावर पागमानं विचारलं, "माझा निरोप मिळाला?"

"कसला निरोप?"

"म्हणजे बुजवायला नाही आलीस."

"नाही आई, एक कोडं घेऊन आलेय." सोलोंगोनं हात चुलीजवळ धरले. "नळीत अगदी वर जी मोजणी आहे, तिच्यात एक विचित्र प्रकार होतोय. रोज सकाळी जमीन एकदम गरम होते. जराशीच, पण रोज. मग तासाभरात परत गार. मला वाटलं, ऊन असेल. पण हे फक्त हिवाळ्यात होतं, आणि हिवाळ्यात तुमच्या इथं सकाळी ऊन पोचतच नाही. मग वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र बदललं. तरी तेच. उन्हाळ्यात बंद, हिवाळ्यात परत सुरू. म्हणून म्हटलं, हिवाळ्यातच येऊन डोळ्यांनी बघू."

"जमिनीचंही काहीतरी असेल की," पागमा म्हणाली. "सकाळी उठल्यावर माणसालाही ऊब लागतेच."

तिच्या मनात काही नव्हतं. आपला चहा आणि पोरीचं कोडं यांचा काही संबंध असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. चोइदोग तेवढ्यात बैठकीवर आडवा झाला होता, तो घोरायला लागला.

सकाळी पागमा उठली, चूल पेटवली, चहा उकळला. नऊ खळग्यांचा लाकडी चमचा घेऊन बाहेर गेली, आभाळाला शिंपडलं, दिशांना शिंपडलं. मग पळी भरून नळीकडे निघाली. बर्फात तिच्या पायांनी पडलेली एक पायवाट थेट नळीपर्यंत गेली होती. तिनं वाकून नळीच्या बुडाशी चहा ओतला. वाफ वर आली.

मागे बर्फ करकरलं. सोलोंगो कोट नुसता खांद्यावर टाकून उभी होती.

"आई, हे काय करताय?"

"काय म्हणजे? सकाळ झाली."

"हे रोज करता?"

"रोज."

"गरम?"

"मग काय, गार घालू?"

सोलोंगो नळीजवळ खाली बसली. तिनं हातमोजा काढला आणि लोखंडाला बोट लावलं. बुडाशी बर्फ नव्हतं. पिवळट, चिकट माती होती, ऐन थंडीत हाताला मऊ लागणारी. तिनं बोट जिभेला लावलं.

"मीठ," ती म्हणाली.

"मिठाशिवाय चहा असतो होय?"

सोलोंगो हसायला लागली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. "आई, मीठ घातलं की बर्फ वितळतं. तुमचं मीठ नळीच्या कडेकडेनं खाली झिरपत गेलंय. किती वर्षं? मी जगाला सांगत बसले की इथली वरची जमीन सगळ्यांपेक्षा झपाट्यानं तापतेय. तापत नव्हती! तुम्ही तिला चहा पाजत होतात!"

"पाजत होते. मग?"

"मग? मला विचारायचं तरी! मी दर वर्षी तुमच्या गेरमध्ये बसून साय खात होते!"

पागमाचा पारा चढायला एवढं पुरे होतं. "तुला विचारायचं? मला कुणी विचारलं होतं? तुम्ही आलात, भोक पाडलंत, मोटारीत बसून निघून गेलात. त्याच्यापाशी राहिलं कोण? मी राहिले. झरा माझा आटला. कुरण माझं खचलं. नवरा माझा गेला. वर्षातून दोन दिवस येणार आणि म्हणणार, आम्हाला विचारून चहा ओता!"

खरं तर दोघींचंही बरोबर होतं, आणि अशा भांडणाला शेवट नसतो. थंडी मात्र दोघींना सारखीच वाजत होती. आत जाऊन दोघींनी तोच चहा प्यायला, एकमेकींकडे न बघता.

दुपारी सोलोंगो रेंज मिळते त्या टेकडीवर गेली आणि राजधानीतल्या आपल्या साहेबांशी बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ जमलं होतं.

"बुजवायचं ठरलं," ती म्हणाली. "बिघडलेली नळी ठेवून उपयोग नाही म्हणाले. तुमच्या मनासारखं झालं, आई."

पागमाला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की छातीवरचा दगड उतरेल. तो उतरला नाही.

"तुझं काय होईल?"

"काही नाही. मी लिहिलेलं चुकीचं होतं असं लिहीन. लोक हसतील. मग विसरतील."

"माझ्यावर ढकल. म्हातारीनं वाट लावली म्हण."

"म्हणेनच की," सोलोंगो म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा थोडी हसली. पण जेवताना तिनं मटण भरून उकडलेल्या बन्शला हात लावला नाही, आणि पागमानं आग्रह केला नाही. पागमानं आग्रह केला नाही असं आमच्या खोऱ्यात त्याआधी घडलं नव्हतं.

चोइदोगनं नदीकाठची वाळू खणून पोत्यांत भरून आणली. ती दगडासारखी गोठलेली होती, म्हणून पोती रात्रभर चुलीभोवती ठेवली. सबंध गेरमध्ये नदीच्या गाळाचा वास भरला. "मी ड्रायव्हर म्हणून लागलो होतो," चोइदोग म्हणाला, "आता वाळूला ऊब देतोय. उद्या मेंढ्यांना अंगाई म्हणायला सांगाल."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तिघं नळीपाशी गेले. पागमानं ठेवणीतला निळा देल, लांब अंगरखा, घातला होता, दामदिनच्या वेळचा. दोष मिटायचा दिवस होता, फाटक्या कपड्यात कसं जायचं? सोलोंगोनं कुलूप काढलं, टोपण उचललं आणि तार वर ओढायला सुरुवात केली. तार लांब होती. सोलोंगो ओढत होती, आणि पागमा ती हातावर गुंडाळून घेत होती, लोकरीचा दोर गुंडाळावा तशी. तारेवर ठरावीक अंतरावर काळे मणी होते. एकेक मणी वर आला की सोलोंगो म्हणायची, "हा तुमच्या चहातला. हाही चहातला." तिसऱ्या-चौथ्या मण्यानंतर ती गप्प झाली.

"हे नाहीत का चहातले?" पागमानं विचारलं.

"नाही. इतक्या खाली तुमचं मीठ पोचलेलं नाही."

"मग खाली काय म्हणते जमीन?"

"खाली खरं तेच म्हणते."

"म्हणजे काय, ते सांग ना. एवढी वर्षं मोजताय, एकदाही सांगितलं नाहीस."

सोलोंगोनं तार ओढायची थांबवली. "तुम्ही कधी विचारलं नाहीत, आई. तुम्ही फक्त कधी बुजवणार ते विचारत होतात." मग ती पागमाकडे वळली. "खालीही तापतेय. वरच्याइतकी झपाट्यानं नाही, पण तापतेय. भोक पाडलं तेव्हा जितकी थंड होती, त्याच्या निम्मीच थंड उरलीय. म्हणून झरा गेला. गोठलेल्या थरावर पाणी अडून राहायचं, ते आता खाली उतरून जातं. कुरण खचलं तेही त्यानंच. आतलं बर्फ वितळलं की वरची जमीन बसते."

"भोक पाडलं म्हणून."

"नाही."

"नाही कसं? आधी भोक, मग झरा. मी डोळ्यांनी बघितलंय."

"आई, पलीकडच्या खोऱ्यात, जिथं कुणी खुंटासुद्धा ठोकलेला नाही, तिथंही झरे आटलेत. आणि दुसरं सांगते. भोक पाडलं त्याच उन्हाळ्यात मास्तरांनी जी पहिली मोजणी केली, ती माझ्याकडे आहे. ऊब वरून खाली फार सावकाश उतरते. एवढ्या खोल पोचायला तिला कित्येक वर्षं लागतात. आणि पहिल्याच दिवशी ती खोल पोचलेली होती. म्हणजे हे तुमच्या भोकाच्या खूप आधी सुरू झालंय. तुम्ही या खोऱ्यात सून म्हणून आलात ना, साधारण तेव्हापासून."

पागमाच्या हातावर अर्धी तार गुंडाळलेली होती.

"पक्कं सांग," ती म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. तसलं मला चालत नाही."

"तुम्हाला बरं वाटावं असं यात काय आहे? सगळीकडेच वितळतंय, यात बरं वाटण्यासारखं काय आहे?"

"म्हणजे दामदिननं नाही म्हटलं असतं तरी झरा आटला असता?"

"आटलाच असता."

"कुरण?"

"खचलंच असतं."

"आणि दामदिन स्वतः?"

सोलोंगोनं मान खाली घातली. "माणसाच्या आजारपणातलं मला कळत नाही, आई. पण जमिनीनं त्यांच्यावर राग धरला असं मी नाही मानणार. तिचं दुखणं त्यांच्या कितीतरी आधीचं आहे."

पागमा बर्फात बसली. ठेवणीतला देल घालून, गुडघ्यांची पर्वा न करता, सरळ खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. चोइदोगनं पाठ वळवली आणि पोत्यांकडे बघत राहिला. पागमाला रडताना खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं; दामदिन गेला त्या दिवशीही ती याकची धार काढत होती.

"मी त्याला म्हटलं होतं गं," ती म्हणाली. "आजारी माणसाला, तोंडात घास भरवताना म्हटलं, हे तू ओढवून घेतलंस म्हणून. आणि तो काय म्हणाला माहीत आहे? असेल, म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं. कधी भांडायचा नाही मेला. असेल, म्हणाला, आणि तेच घेऊन गेला."

सोलोंगो तिच्या शेजारी बसली आणि तिनं पागमाच्या खांद्यावर हात टाकला. रडून झाल्यावर पागमानं बाहीनं नाक पुसलं आणि हातातल्या तारेकडे बघितलं.

"ही परत आत घालता येते?"

"येते. पण बुजवायचं ठरलंय ना."

"वरचे मणी बिघडलेत. खालचे चांगलेत. तूच म्हणालीस."

"चांगलेत. पण साहेबांना पटवावं लागेल. आणि नळीवर कुणी काही ओतता कामा नये, वर्षानुवर्षं."

"मी मुरूनला चाललेय. पुतण्या आळशी आहे, तो चहा स्वतःसाठीसुद्धा धड करत नाही." पागमा उठायला लागली, सोलोंगोनं तिला हात दिला. "साहेबांना माझ्याशी बोलायला लाव. बघते कसे नाही म्हणतात."

"आई, तुम्हीच तर बुजवा म्हणून माझा जीव खात होतात. खड्डा उघडा टाकून जाणार तुम्ही?"

"जाणार," पागमा म्हणाली. तिनं हातावरची तार सोडवून नळीच्या तोंडाशी धरली. "सगळ्या खोऱ्याला वाटतं की त्यानं होकार दिला म्हणून हे झालं. मलाही वाटत होतं. त्याचा दोष नव्हता हे दर वर्षी कुणीतरी मोजून सांगायला हवं. सोड आत."

तार हळूहळू खाली जायला लागली. चोइदोगनं वाळूच्या पोत्यांना एक शिवी हासडली आणि ती परत गाडीत भरायला घेतली.